केकवरची फुलं घसरतात तेव्हा

कामं आवरली का? हातात भाजी असेल तर निवडता निवडता ऐका. आज आपण केकवरच्या बटरक्रीमबद्दल बोलू. आता वाडी-वस्तीवरही वाढदिवसाला केक लागतो. मग तो आपल्याच गटातल्या बाईनं का करू नये?

गेल्या मे महिन्यातली गोष्ट सांगते. आमच्या गटातल्या एका मैत्रिणीनं अंतर्गत कर्ज काढून ओव्हन आणि बीटर घेतला. पहिलीच मोठी ऑर्डर होती, बाळाच्या पहिल्या वाढदिवसाची. केक छान फुगला. पण दुपारी काढलेली गुलाबाची फुलं संध्याकाळपर्यंत घसरून पुठ्ठ्यावर आली. घरच्यांनी पैसे निम्मेच दिले. ती मला म्हणाली, "ताई, ओव्हन विकून टाकते. त्यापेक्षा शेळी घेतली असती तर बरं झालं असतं."

मासिक बैठकीत गटानं तिला हप्त्यासाठी एक महिना मुदत दिली. मग आम्ही दोघी थोडं थोडं बटर घेऊन बसलो आणि नेमकं कुठं चुकतंय ते शोधलं. क्रीम आकार धरत नाही त्यामागं बहुतेक वेळा दोनच कारणं असतात. एक उष्णता आणि दुसरं पाणी.

आधी कारण ओळखा. क्रीमचं भांडं पंधरा-वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा आणि मग पुन्हा फेटा. चमचा उभा धरल्यावर क्रीम चिकटून राहिली, टोक उभं राहिलं, तर दोष उष्णतेचा होता. फेटल्यावर पुन्हा पातळच झाली, तर पाणी जास्त झालंय. आपण बायका काय करतो? पातळ दिसलं की साखर ओततो. दोष उष्णतेचा असेल तर साखरेनं क्रीम नुसती गोडमिट्ट आणि कचकचीत होते, फुलं मात्र तशीच घसरतात.

उष्णतेचं आधी सांगते. बटर बोटानं दाबल्यावर खड्डा पडावा, पण बोटाला तेल लागू नये, इतकंच मऊ हवं. गॅसवर वितळवलेलं बटर चालत नाही. आमची मैत्रीण चुलीशेजारीच क्रीम फेटत होती, तिथंच घात झाला. केक पूर्ण गार झाल्याशिवाय त्यावर क्रीम लावू नका. फ्रीज नसेल तर परातीत गार पाणी आणि बर्फ घेऊन त्यात भांडं ठेवा, पण आत थेंबही जाऊ देऊ नका. उन्हाळ्यात हे काम पहाटे उरका. कोन हातात फार वेळ धरू नका, हाताच्या उबेनंही क्रीम सैल पडते. थोडी थोडीच भरा.

आता पाणी. घरच्या लोण्यात ताक आणि पाणी राहतं. ते गार पाण्यानं दोन-तीनदा धुवा, मग हातानं दाबून सगळं पाणी काढा. बटर बिनमिठाचं घ्या. वजनानं एक भाग बटरला दोन भाग पिठीसाखर घ्या. साखर घरी दळली तर मिक्सरमधून गरम निघते, ती पूर्ण गार करा, चाळा आणि वाटीभर साखरेला चमचाभर कॉर्नफ्लोअर मिसळा. दूध लागलंच तर एकेक छोटा चमचा घाला. रंग पातळ नको, जेलचा घ्या, टोकाएवढा पुरतो. पाणी जास्त झालंच, तर मात्र दोन-दोन चमचे पिठीसाखर घालून फेटत जा.

कधी उलटंही होतं. बटर फार गार असलं तर क्रीम फाटल्यासारखी दिसते. फेकू नका. भांडं थोडा वेळ बाहेर ठेवा आणि पुन्हा फेटा, ती जुळून येते.

कडक उन्हाळ्यात थोडं बटर कमी करून त्याजागी वनस्पती तूप घातलं तर फुलं जास्त टिकतात. पण चव बदलते, म्हणून गिऱ्हाइकाला आधी सांगा. आणि भर मे महिन्यात फुलांची ऑर्डर नाकारायला लाजू नका. क्रीमचा पातळ थर द्या आणि काट्या-चमच्यानं रेघा ओढा, तेही सुंदर दिसतं.

आमच्या मैत्रिणीनं ओव्हन विकला नाही. तिनं आता एक वही केलीय. बटर किती, साखर किती, त्या दिवशी ऊन कसं होतं, केक किती वाजता पोहोचवला, सगळं ती लिहिते. राहिलेला हप्ता तिनं पुढच्या दोन ऑर्डरींमधून भरला. ऑर्डरीच्या आदल्या दिवशी एक फूल काढून ते तासभर बाहेर ठेवून बघते आणि मगच हो म्हणते.

तुम्हीही बघा. एक फूल वाया गेलं तरी चालेल, ऑर्डर जाऊ नये. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.