लिनक्ससाठी नव्या लॅपटॉपची पारख

चेन्नईहून बेंगळुरूकडे जाणाऱ्या महामार्गावर, शहर मागे टाकून सुमारे तीस किलोमीटर गेले म्हणजे इरुंगाट्टुकोट्टै लागते. पुढे थोड्याच अंतरावर श्रीरामानुजाचार्यांचे जन्मस्थान श्रीपेरुंबुदूर. तळी आणि भातशेती यांच्या या मुलुखात आज कारखान्यांच्या भिंती मैलोगणती चालतात. ह्युंदाई कंपनीने १९९६ साली येथे मोटारींच्या कारखान्याची पायाभरणी केली आणि १९९८ साली तिची ‘सँट्रो’ गाडी येथून बाहेर पडली. शासकीय कामानिमित्त मला या भागात वरचेवर जावे लागते. मोटारीच्या कारखान्याभोवती पूरक कारखाने कसे वसतात, हे तेथे नीट पाहावयास मिळते. आसने एकाची, दिवे दुसऱ्याचे, काचा तिसऱ्याच्या, वायरींचे जुडगे चौथ्याचे. गाडीच्या नाकावर मात्र बोधचिन्ह एकच. पुरवठादाराचा भाग आराखड्याशी ताडून पाहिल्याखेरीज तो जुळणीच्या पट्ट्यावर चढत नाही, आणि ही पडताळणी गाडी रस्त्यावर येण्याच्या पुष्कळ आधी होते.

श्रोतेहो, लॅपटॉप हे यंत्रही याच जातीचे आहे. त्याच्या झाकणावर एका कंपनीचे नाव असते. आत प्रोसेसर दुसऱ्या कंपनीचा, वाय-फायचे कार्ड तिसऱ्या, साठवणीची डिस्क चौथ्या आणि बोटाचा ठसा ओळखणारी चकती पाचव्या कंपनीची असते. म्हणून ‘या लॅपटॉपवर लिनक्स चालेल काय?’ हा प्रश्न झाकणावरच्या नावाला विचारून उपयोग नाही. तो आतल्या एकेका भागाला विचारावा लागतो, आणि पैसे मोजण्यापूर्वी विचारावा लागतो. आज एवढीच गोष्ट मला आपणांपुढे मांडावयाची आहे.

लिनक्सची मूळ हकिगत बहुतेकांना ठाऊक असेल. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टॉरव्हाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा लिहावयास घेतला आणि तो सर्वांसाठी खुला केला. या गाभ्याला कर्नल म्हणतात. त्याच्याभोवती निरनिराळे उपयुक्त कार्यक्रम बांधून जी संपूर्ण प्रणाली तयार होते, तिला वितरण म्हणतात. डेबियन, उबुंटू, फेडोरा ही अशी वितरणे होत. आपल्याकडेही सी-डॅक या संस्थेच्या चेन्नई केंद्राने डेबियनच्या आधारे ‘बॉस’ हे भारतीय वितरण तयार केले. ते २००७ साली बाहेर आले आणि त्यात मराठीचीही सोय आहे. अलीकडे सामान्य माणसाचेही लक्ष लिनक्सकडे वळले, याला एक कारण घडले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नित्याचा आधार मायक्रोसॉफ्टने थांबवला, आणि घरोघरच्या चालत्या संगणकांचे काय करावे हा प्रश्न उभा राहिला. परंतु जुन्या संगणकाची गोष्ट त्या मानाने सोपी. अवघड असतो तो कोरा करकरीत लॅपटॉप. ऐकावयास हे विचित्र वाटेल. म्हणून त्याचे कारण सांगतो.

यंत्रातल्या प्रत्येक भागाची बोली निराळी असते. कर्नलला ती समजावी म्हणून मध्ये एक दुभाषी लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. विंडोजच्या बाबतीत हा दुभाषी भाग बनवणारी कंपनी स्वतः लिहून देते, कारण त्यावाचून तिचा माल खपणार नाही. लिनक्समध्ये बहुतेक दुभाषी कर्नलच्या पोटातच राहतात. कोठे तो कंपनीच्या पगारी माणसांनी लिहिलेला असतो, कोठे स्वयंस्फूर्तीने काम करणाऱ्यांनी कष्टाने जुळवलेला असतो. नवा कर्नल साधारणतः नऊ-दहा आठवड्यांनी निघतो, आणि त्यात नव्या भागांचे दुभाषी दाखल होत जातात. आपण मात्र कर्नल सुटा घेत नाही, वितरण घेतो. आणि स्थिर म्हणून नावाजलेले वितरण आपला कर्नल वर्षानुवर्षे बदलत नाही. तात्पर्य, बाजारात या महिन्यात आलेल्या यंत्रावर दोन वर्षांपूर्वी गोठवलेली प्रणाली बसवली, तर तिला नव्या भागांची ओळखच नसते.

एक उदाहरण घेऊ. रियलटेक कंपनीचे ‘८८५२ बीई’ हे वाय-फायचे कार्ड कित्येक स्वस्त लॅपटॉपांत बसवलेले असते. त्याचा ड्रायव्हर कर्नलच्या ६.२ या आवृत्तीत आला. ती आवृत्ती फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी जूनमध्ये डेबियनची बारावी आवृत्ती निघाली, पण तिच्यात कर्नल होता ६.१. एका पायरीचे हे अंतर! वितरण नवे, कार्ड नवे, आणि तरी दोघांची भेट नाही. डेबियनवाल्यांचा यात दोष काढता येत नाही. स्थैर्य हवे असेल, तर कोठेतरी रेघ ओढावीच लागते.

याचा चटका कसा बसतो, ते मी इरुंगाट्टुकोट्टैलाच पाहिले. तेथल्या पूरक कारखान्यांत नोकरीस असलेले दोन मराठी तरुण एका खोलीत राहतात. एक कोरेगावकडचा, दुसरा बार्शीचा. दोघांनी एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच नावाचे व एकाच किमतीचे लॅपटॉप घेतले. कोरेगावच्या मुलाच्या वडिलांनी उसाच्या बिलातून निम्मे पैसे पाठवले होते. उरलेले हप्त्यांनी फेडावयाचे होते. कारखान्यातून सुटल्यावर रात्री शिकावयाचे आणि वर्षभरात संगणकाच्या कामाची नोकरी पकडावयाची, असा त्याचा बेत. दुकानदाराने ‘सगळ्यांवर सगळे चालते’ असे सांगितले होते. दोघांनी विंडोज पुसून लिनक्स बसवले. बार्शीकराचे यंत्र सुरळीत चालू लागले. कोरेगावकराच्या यंत्रात वाय-फायचा मागमूस नाही.

‘साहेब, एकाच खोक्यातली दोन भावंडं. त्याचं चालतं, माझं का नाही?’ असे त्याने मला विचारले.

भावंडे ती खरीच, पण सख्खी नव्हेत. आतल्या भागांची यादी काढली तेव्हा दोन यंत्रांत दोन वेगळ्या कंपन्यांची वाय-फाय कार्डे निघाली. उत्पादक ज्या आठवड्यात जो भाग हाती असेल तो बसवतो. यंत्राचे नाव बदलत नाही. ही प्रथा सर्रास आहे आणि बेकायदा मुळीच नाही. अडचण अशी, की हरवलेला दुभाषी आणावयाचा तो इंटरनेटवरून, आणि इंटरनेट यावयाचे ते त्याच कार्डातून. विहिरीतून पाणी काढण्याचा दोर विहिरीतच पडावा, तशी स्थिती. पातळ लॅपटॉपाला हल्ली जाड तारेच्या जाळ्याचे भोकही ठेवत नाहीत. शेवटी एक साधी युक्ती कामास आली. मोबाइल फोन यूएसबी तारेने जोडून त्याचे इंटरनेट लॅपटॉपाला देता येते, आणि लिनक्स ही जोडणी बहुधा विनातक्रार ओळखते. त्या वाटेने नवा कर्नल उतरवून घेतला, आणि कार्ड बोलू लागले. तोवर त्या मुलाची अभ्यासाची बारा रात्री वाया गेल्या होत्या, आणि हप्ता मात्र तारखेला कापला गेला होता.

शासकीय खरेदीत हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटतो. तमिळनाडू शासनाने २०११ साली विद्यार्थ्यांना विनामूल्य लॅपटॉप देण्याची योजना सुरू केली, आणि खरेदीचे काम एल्कॉट या राज्याच्या इलेक्ट्रॉनिक्स महामंडळाकडे होते. त्या लॅपटॉपांवर विंडोजच्या जोडीला बॉस लिनक्सही बसवलेले होते. लाखो नगांचा ग्राहक निविदेत एक ओळ घालू शकतो, आणि ती ओळ पुरी करण्याचा भार पुरवठादारावर पडतो. एकट्यादुकट्या गिऱ्हाइकाला निविदा कोठली? त्याने आपली निविदा आपल्या डोक्यातच ठेवून दुकानाची पायरी चढावी. ती कशी असावी, ते आता सांगतो.

प्रत्येक भागावर दोन क्रमांक कोरलेले असतात, असे समजा. पहिला कंपनीचा, दुसरा त्या विशिष्ट भागाचा. प्रत्येक क्रमांक चार स्थानांचा असून त्यात कधीकधी इंग्रजी अक्षरेही येतात. इंटेलचा क्रमांक ८०८६ आहे. १९७८ साली या कंपनीने ज्या नावाचा प्रोसेसर काढला, त्याची ही आठवण. अशी मौज रुक्ष यादीतही सापडते. दुकानातला नमुना विंडोजवर चालत असेल, तर ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडून त्या त्या भागाच्या तपशिलात ‘हार्डवेअर आयडी’ पाहावे. दोन्ही क्रमांक तेथे मिळतात. लिनक्समध्ये हीच माहिती ‘एलएसपीसीआय’ या आज्ञेने मिळते. तिला ‘एनएनके’ हे शेपूट जोडले, की प्रत्येक भागापुढे त्याचे क्रमांक आणि सध्या कोणता ड्रायव्हर त्याच्याशी बोलतो आहे, तेही दिसते. ड्रायव्हरची ओळच नसेल, तर तो भाग मुका आहे असे समजावे. यूएसबीने आत जोडलेल्या भागांसाठी, म्हणजे ठशाची चकती आणि बहुतेक कॅमेरे यांच्यासाठी, ‘एलएसयूएसबी’ ही दुसरी आज्ञा आहे. हे क्रमांक कागदावर उतरवून घेतले आणि इंटरनेटवर शोधले, तर कोणत्या कर्नलपासून तो भाग चालतो याचा छडा बहुधा लागतो.

याहून प्रत्यक्ष उपाय म्हणजे चालता पेन ड्राइव्ह. आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर वितरणाची प्रत उतरवून यंत्र तिच्यावरून सुरू करता येते. आतल्या डिस्कला धक्का लागत नाही. सारेच दुकानदार ही परवानगी देत नाहीत. पण मागावयास काय हरकत आहे? पूनमल्लीत एका दुकानदाराने माझ्यादेखत ती दिली, आणि स्वतः कुतूहलाने शेजारी उभा राहिला. वाय-फाय लावून पाहावे, एखादे गाणे वाजवावे, आपला आवाज ध्वनिमुद्रित करून ऐकावा, कॅमेऱ्यात डोकावावे, पडद्याचा उजेड कळांनी कमीजास्त करावा. आणि झाकण मिटून दोन मिनिटांनी उघडावे. ही शेवटची परीक्षा पुष्कळजण विसरतात. लॅपटॉप निजतो खरा, पण जागा होत नाही, अशी तक्रार नव्या यंत्रांत वारंवार ऐकू येते.

सगळ्याच भागांची किंमत सारखी धरू नये. वाय-फाय, डिस्क, ध्वनी आणि पडदा यांत तडजोड नाही. एनव्हिडियाचे वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल, तर बहुधा कंपनीचा ड्रायव्हर निराळा बसवावा लागतो. खेळांची अथवा मोठ्या गणनांची गरज नसेल, त्याने इंटेल किंवा एएमडीच्या प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्सवर भागवावे, असे माझे मत आहे. काही पातळ, महागड्या लॅपटॉपांत कॅमेरा थेट प्रोसेसरच्या चित्रविभागाला जोडलेला असतो, आणि लिनक्समध्ये तो चालू होण्यास विलंब लागला आहे. ज्याला दूरस्थ वर्ग करावयाचे आहेत, त्याने तो तपासावाच. ठशाची चकती नाही चालली, तरी संकेतशब्द टंकून काम होते.

वितरणे काही लॅपटॉपांना प्रमाणपत्र देतात. उबुंटूची अशी यादी प्रसिद्ध आहे. ती जरूर पाहावी. पण प्रमाणपत्र कोणत्या आवृत्तीसाठी आहे आणि नेमक्या कोणत्या जुळणीला आहे, तेही वाचावे. काही वेळा ते उत्पादकाने कारखान्यातच बसवलेल्या खास प्रतीपुरते असते; आपण घरी उतरवलेली प्रत तिच्याहून निराळी असू शकते.

यंत्र घरी आणल्यावर प्रत्यक्ष स्थापनेपूर्वीची दोन कामे सांगून थांबतो. काही लॅपटॉपांत डिस्क ‘रेड’ अथवा ‘आरएसटी’ या पद्धतीने लावलेली येते, आणि लिनक्सच्या स्थापकाला ती दिसतच नाही. मग ‘बायोस’च्या पडद्यात जाऊन ती ‘एएचसीआय’ पद्धतीवर आणावी लागते. पूर्वतयारीशिवाय हा बदल केला, तर आधीचे विंडोज सुरू होत नाही. दोन्ही प्रणाली ठेवावयाच्या असतील, त्यांनी प्रथम विंडोजची त्या बदलासाठी तयारी करावी. दुसरे असे, की नव्या यंत्रांत ‘बिटलॉकर’ची कुलूपबंदी पुष्कळदा आपल्या नकळत चालू असते. बायोसमध्ये काही बदलले, तर ती ४८ अंकी किल्ली मागू शकते, आणि ती जवळ नसेल तर आतला मजकूर आपल्यालाच पारखा होतो. म्हणून ही किल्ली आधी मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून काढून वहीत उतरवून घ्यावी, महत्त्वाच्या मजकुराची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवावी, फोनची यूएसबी तार हाताशी असू द्यावी, आणि मग स्थापनेस प्रारंभ करावा.