वॉल्थमस्टोचा टोट बोर्ड : कुत्र्यांच्या शर्यतीतून काय जपायचं?

इअरफोन नीट लावा, आज आपण पूर्व लंडनला जातोय. वॉल्थमस्टो नावाच्या भागात रस्त्यालगत एक पांढरी उंच भिंत आहे. तिच्यावर निऑनच्या अक्षरांत स्टेडियमचं नाव आणि झेपावणारा एक ग्रेहाउंड कुत्रा. भिंतीमागे मात्र स्टेडियम नाही. तिथे आता लोक राहतात, गॅलरीत कपडे वाळतात. मग ही भिंत का ठेवली? आजचा भाग त्यावरच.

आधी थोडा इतिहास. ट्रॅकवर यांत्रिक ससा पुढे पळवायचा आणि मागे कुत्रे सोडायचे, ही कल्पना अमेरिकेतली. ओवेन स्मिथ नावाच्या माणसाने १९१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एमरीव्हिल इथे असा ट्रॅक सुरू केला. ब्रिटनमध्ये पहिली शर्यत झाली २४ जुलै १९२६ रोजी, मँचेस्टरच्या बेल व्ह्यूला. आणि मग नुसतं पेव फुटलं! कारण अगदी साधं आहे. घोड्यांच्या शर्यती दिवसा आणि बऱ्याचदा गावाबाहेर. कारखान्यात काम करणारा माणूस जाणार कधी? कुत्र्यांच्या शर्यती संध्याकाळी, विजेच्या दिव्यांत, घराजवळ. कामावरून सुटलं की थेट ट्रॅक.

वॉल्थमस्टोचा ट्रॅक विल्यम चँडलर यांनी १९३३ मध्ये सुरू केला. लोक त्याला लाडाने 'द स्टो' म्हणायचे. एका शर्यतीत सहा कुत्रे. नेहमीचं अंतर ४७५ मीटर, म्हणजे खेळ तीस सेकंदांच्या आत खलास. प्रत्येक कुत्र्याच्या अंगावर जाकीट: एक नंबर लाल, दोन निळं, तीन पांढरं, चार काळं, पाच केशरी आणि सहा काळे-पांढरे पट्टे. हे रंग आजही तेच आहेत. म्हणून जुनं जाकीट हातात आलं, की तो कुत्रा कुठल्या खणातून सुटला हे लगेच कळतं.

या मैदानाने माणसंही पाहिली. १९४५ च्या निवडणुकीत चर्चिल इथे भाषणाला उभे राहिले. युद्ध जिंकून दिलेला नेता, पण गर्दीतून जोरदार हुर्यो झाली. पुढे निकालात ते हरलेच. ब्लर बँडने १९९४ च्या 'पार्कलाइफ' अल्बमसाठी इथे फोटो काढले.

आता माझ्या आवडीचा मुद्दा. मी कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे माझी नजर कुत्र्यांआधी टोट बोर्डवर जाते. टोट म्हणजे काय? सगळ्यांनी लावलेले पैसे एका गल्ल्यात. मालकाचा वाटा काढायचा आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटायचे. समजा गल्ल्यात हजार पौंड जमले. शंभर कापले, नऊशे उरले. तीन नंबरच्या कुत्र्यावर एकूण दोनशे लागले होते आणि तो जिंकला. तर एका पौंडाला साडेचार पौंड. सोपं वाटतं ना? पण तिकीट विकणाऱ्या खिडक्या अनेक, विक्री एकाच वेळी आणि शर्यत सुटायला दोन मिनिटं. दोन खिडक्यांनी एकाच क्षणी तीन नंबरचं तिकीट फाडलं, तर बेरजेत एक हरवायला नको. आमच्या धंद्यात या घोळाला 'रेस कंडिशन' म्हणतात. इथे तर शब्दशः!

ऑस्ट्रेलियातले इंजिनिअर जॉर्ज ज्युलियस यांनी हा प्रश्न कॉम्प्युटर नसताना सोडवला, दातेरी चक्रांनी. मुळात ते मतं मोजायचं यंत्र बनवत होते. १९१३ मध्ये त्यांचं पहिलं टोट यंत्र ऑकलंडच्या एलर्सली रेसकोर्सवर लागलं. त्यांच्या कंपनीचं यंत्र १९३० मध्ये लंडनच्याच हॅरिंगे ट्रॅकवर बसलं आणि १९८७ मध्ये तो ट्रॅक बंद होईपर्यंत चाललं. सत्तावन्न वर्षं! आपलं कुठलं ॲप इतकं टिकेल, सांगा? त्या यंत्राचे भाग आता लंडनच्या सायन्स म्युझियमकडे आहेत.

मग हे सगळं आटलं कसं? १९६१ पासून गल्लोगल्ली बेटिंगची कायदेशीर दुकानं उघडली. पैसे लावायला ट्रॅकवर जायची गरजच उरली नाही. दुसरीकडे शहरातल्या जमिनीचा भाव वाढत गेला. व्हाइट सिटी १९८४ मध्ये बंद झालं, आणि स्टो १६ ऑगस्ट २००८ रोजी. वाचवायला लोकांनी मोहीम काढली, पण ट्रॅक वाचला नाही. वाचलं ते काय? दर्शनी भाग, टोट बोर्ड आणि कुत्र्यांची केनल्स, कारण त्यांना आधीच वारसा म्हणून संरक्षण मिळालं होतं. लोअर परळला मॉलमध्ये उभी असलेली गिरणीची चिमणी पाहिलीय ना? तसंच.

आता अवघड प्रश्न. हे जपावं का? वेगात वळताना कुत्र्यांचे पाय मोडतात. पळणं संपलं की त्यांचं पुढे काय, हा प्रश्न इतका मोठा की निवृत्त कुत्र्यांना घर मिळवून देणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. न्यूझीलंड सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये आणि वेल्स सरकारने २०२५ मध्ये या शर्यतींवर बंदी आणण्याचं जाहीर केलं. मला विचाराल तर बंदी योग्यच आहे. आणि तरीही जपावं. आठवण ठेवणं म्हणजे पाठिंबा देणं नव्हे. फक्त निऑन जपलं, तर उरतो नुसता झगमगाट. केनल्सही राहिली, हे म्हणूनच महत्त्वाचं. जुनी रेसकार्डंही तशीच. त्यांत दर कुत्र्याचं नाव, वजन, मागच्या शर्यतींच्या वेळा असतात. मिक द मिलरने १९२९ आणि १९३० अशी दोनदा डर्बी जिंकली, म्हणून तो पेंढा भरून ट्रिंगच्या म्युझियममध्ये उभा आहे. बाकीच्या हजारो कुत्र्यांचं म्युझियम म्हणजे हीच कागदं. ती रद्दीत गेली की ते कुत्रे जगले होते याचा पुरावाच गेला.

आणि अजून एक. १९३४ च्या ब्रिटिश कायद्याने ट्रॅकवर बेटिंगला वर्षाला फक्त १०४ दिवस दिले होते. ट्रॅकला फाटक होतं, शेवटची शर्यत होती, मग घरी जावं लागायचं. आज तोच टोट बोर्ड खिशात मावतो, आणि त्याला फाटक नाही. ती भिंत बघताना मला हे सगळ्यात जास्त जाणवतं.

तुमच्या गावात अशी एखादी बंद पडलेली जागा असेल, सिनेमा टॉकीज, गिरणी, काहीही, तर तिथलं एक तिकीट, एक पावती शोधा. मागे तारीख लिहा आणि जपून ठेवा. आणि मला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर, काळजी घ्या!