केस सरळ करावेत का?

(मंडळाच्या वर्धापनदिनी भरलेल्या भगिनी-मेळाव्यात केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला आपण बाहेरगावाहून कोणी विदुषी बोलावतो. यंदा चिटणीसबाईंनी मलाच गाठले. मी म्हटले, मी अठ्ठावीस वर्षे शाळेत विज्ञान शिकविले. मला तास घेता येतो, व्याख्यान देता येत नाही. त्या म्हणाल्या, मग तासच घ्या. तेव्हा हा तास आहे असे समजूनच ऐका. मधली सुट्टी मात्र नाही, चहा शेवटी आहे.

विषय ऐकून काही जणी हसल्या, ते मी पाहिले. केस सरळ करावेत की करू नयेत, हा काय मंडळात बोलण्याचा विषय? पण ज्यांच्या घरात मुलगी, सून किंवा भाची हा प्रश्न घेऊन आली नाही अशांनी हात वर करा म्हटले, तर फार थोडे हात वर येतील. लग्न ठरू लागले, नोकरीची मुलाखत आली, की पोरी पहिल्याने पार्लरची वाट धरतात. आणि त्यासाठी दिवाळीच्या खरेदीइतके पैसे मोजतात.

माझे केस तुम्ही पाहताच आहात. लहानपणापासून असेच आहेत. आई मला पाटावर बसवून, गुडघ्यांत घट्ट धरून विंचरीत असे, आणि माझे रडणे शेजारच्या आळीपर्यंत जात असे. कुरळ्या केसांची पोर हट्टी निघते असे आमच्या घरी म्हणत. मी हट्टी होतेच, पण इतक्या जोराने केस ओढल्यावर कोणती पोर गरीब राहील? त्यातून आपले उरण. तिन्ही बाजूंनी पाणी, आणि पावसाळ्यात तर हवाच पिळून काढावी अशी ओली. सकाळी वेणी घालून निघावे आणि मोऱ्याच्या धक्क्यावर लाँचची वाट पाहत उभे राहावे, की अर्ध्या तासात डोक्याभोवती काथ्याचा ढीग.

असे का होते, हे मी मुलींना शिवणाच्या भाषेत सांगत असे. केस म्हणजे केराटिन नावाच्या प्रथिनाचे लांब लांब धागे. ते एकमेकांना दोन तऱ्हांनी शिवलेले असतात. एक कच्चा धावदोरा. तो पाण्याने सुटतो आणि वाळला की पुन्हा बसतो. ओल्या हवेत केस फुलतात ते या धावदोऱ्यामुळे, आणि इस्त्रीने सरळ केलेले केस दुसऱ्या दिवशी बंड करतात तेही त्यामुळेच. दुसरी पक्की बखिया, ती गंधकाची. पाण्याने ती सुटत नाही. केस कुरळा निघतो तो मुळात कातडीखालची खाच वाकडी असल्यामुळे, आणि तो कुरळा राहतो तो या बखियेमुळे. पार्लरमध्ये स्मूदनिंग, रीबॉन्डिंग अशी नावे देतात, त्यात ही बखियाच उसवतात. बहुधा थायोग्लायकोलेट नावाचे रसायन लावतात, कुजक्या अंड्यासारखा वास येतो तो त्याचाच. जोड सुटले की केस धुऊन, इस्त्रीने सरळ ओढून, दुसरे औषध लावून त्याच सरळ स्थितीत ती बखिया पुन्हा घालतात. हे दुसरे औषध म्हणजे बहुतेक वेळा हायड्रोजन पेरॉक्साइड. उसवलेले कापड पुन्हा शिवले तरी पहिल्यासारखे होत नाही, हे शिवणवर्गाच्या भगिनींना मी सांगायला नको.

शिवाय खाच वाकडीच राहते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. सहा महिन्यांनी वरचे दोनअडीच इंच कुरळे आणि खालचे सरळ, अशी दोन माणसांची दोन डोकी एकावर एक ठेवल्यासारखी दिसू लागतात. मग पुन्हा जावे लागते.

आता माझी गोष्ट. २०११ साली माझ्या धाकट्या दिराचे लग्न होते. मी तेव्हा पंचेचाळीस वर्षांची, मुलांना रसायनशास्त्र शिकविणारी बाई, आणि तरी गेले. पार्लर कुठले ते सांगत नाही, उरणातले नव्हते एवढे सांगते. पूर्ण सरळ नको, थोडे सैल करा, असे मी म्हटले. त्या म्हणाल्या, औषध थोडा कमी वेळ ठेवू. मधे फोन आला, कोणी दुसरी गिऱ्हाईक आली, आणि औषध राहिले ते राहिलेच. डोक्याची आग होऊ लागली तेव्हा मी बोलले, तर म्हणाल्या, थोडे चुरचुरणारच. मीही गप्प बसले. वर्गात मुलाने आम्लाची बाटली नुसती हातात घेतली तर ओरडणारी मी, आणि तिथे पैसे दिलेत म्हणून गप्प. पुढे तीन दिवस केस धुवायचे नाहीत, कानामागे घ्यायचे नाहीत, पिन लावायची नाही. लग्नात सगळ्यांनी वाहवा केली, हे खोटे कशाला सांगू? फोटो अजून सुरेख दिसतात. पण महिन्याभरात भांगाजवळचे केस बोट-बोटभर राहून तुटू लागले, आणि टाळूवर दोन ठिकाणी खपल्या धरल्या.

माझ्या सासूबाई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. त्या आता नाहीत. त्यांनी मला काही विचारले नाही. एका दुपारी खोबरेल कोमट करून आल्या आणि म्हणाल्या, "बस इथे." तेल लावता लावता त्यांनी त्यांच्या आत्याची गोष्ट सांगितली. आत्या सोळाव्या वर्षी विधवा झाली. दर पंधरा दिवसांनी न्हावी मागच्या दाराने येई, आणि आत्या तोंडात पदराचा बोळा धरून बसे. सासूबाई लहान होत्या, त्या माजघराच्या दाराआडून पाहत. "तिला केस ठेवायची मुभा नव्हती," त्या म्हणाल्या, "आणि तू पैसे मोजून जाळून आलीस."

हे वाक्य मला फार लागले. रागही आला. कारण दोन्ही गोष्टी एक नव्हेत, हे मला तेव्हाही ठाऊक होते. आत्याला कोणी विचारले नव्हते, मला कोणी ढकलले नव्हते. ती चाल मोडायला केवढे झगडावे लागले आहे! १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनीच विधवांचे केस काढण्याचे नाकारले, हे मी शाळेत दरवर्षी सांगत असे. तेव्हा आपल्या केसांचे काय करायचे ते आपण ठरवावे, सासूने नव्हे, असे मी मनात म्हटले. आणि लगेच दुसरा प्रश्न मनात आला, की मी तरी ते ठरविले होते का? जाऊबाईंच्या बहिणी सरळ केसांच्या, फोटोत मी एकटीच काथ्याची दिसेन, या भीतीनेच मी गेले होते. याचे उत्तर मला अजून नीट देता येत नाही.

गेल्या वर्षी हाच प्रश्न माझ्या धाकटीने आणला. ती सव्वीस वर्षांची, रोज उरणच्या गाडीने बेलापूरला नोकरीला जाते. तिला एक स्थळ आले होते. सगळे ठीक होते, पण मुलाच्या मावशीने मध्यस्थांकडून निरोप पाठविला की मुलगी छान आहे, केसांचे तेवढे काही करता आले तर बघा. मुलीने सात हजारांचा दर विचारून आणला आणि मला म्हणाली, "आई, तू केलेस ना? मग मला का नाही?"

यावर 'मी केले म्हणूनच' असे म्हणून चालत नाही, हे आई झालेल्या सर्वांना कळेल. मी तिला आठ दिवस माग म्हटले आणि वाचायला बसले. वाचले ते तुम्हाला सांगते, कारण आज येथे बोलण्याचे खरे कारण तेच.

अमेरिकेत ३३,४९७ स्त्रियांची जवळजवळ अकरा वर्षे नोंद ठेवून एक पाहणी झाली. ती २०२२ साली प्रसिद्ध झाली. त्यात गर्भाशयाचा कर्करोग ३७८ जणींना झाला. केस सरळ करण्याची रसायने कधीच न वापरणाऱ्यांत सत्तर वर्षांच्या वयापर्यंत हा रोग होण्याचे प्रमाण शेकडा १.६४ निघाले, आणि वर्षातून चारपेक्षा अधिक वेळा वापरणाऱ्यांत शेकडा ४.०५. घाबरून जाऊ नका. कोणत्या बाटलीत काय होते याची नोंद त्या पाहणीत नव्हती, आणि आपल्याकडे वर्षात चारदा कोण करते? तिकडे ही रसायने वापरणाऱ्यांत निग्रो म्हणून पूर्वी हिणवल्या गेलेल्या कृष्णवर्णी स्त्रिया पुष्कळ, आणि त्यांचे केस मुळात आपल्याहून कितीतरी घट्ट कुरळे. तसे केस घेऊन गेले तर नोकरी मिळत नाही, शाळेत घेत नाहीत, अशी त्यांची तक्रार. शेवटी कॅलिफोर्निया राज्याला २०१९ साली त्याविरुद्ध कायदा करावा लागला. आपल्या मावशीबाई तिकडेही आहेत म्हणायच्या.

दुसरी गोष्ट फॉर्मल्डिहाइडची. केराटिन ट्रीटमेंट म्हणून जे करतात, त्यातील काही औषधांतून इस्त्रीच्या उष्णतेने हा वायू सुटतो. शाळेच्या प्रयोगशाळेत बरणीतला बेडूक ज्या फॉर्मॅलिनमध्ये असतो, त्यातलाच हा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००४ साली त्याला माणसांत कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातले. गिऱ्हाईक वर्षातून एकदा तो हुंगते, पण इस्त्री फिरवणारी मुलगी दिवसातून तीनदा. तिचा विचार कोणी करतो का? मग 'फॉर्मल्डिहाइड नाही' अशी बाटली निघाली, तर तिच्यात ग्लायॉक्सिलिक आम्ल. २०२४ साली फ्रान्समधील डॉक्टरांनी एका सव्वीस वर्षांच्या तरुणीची हकीकत प्रसिद्ध केली. तिने तीन वेळा केस सरळ केले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली. सव्वीस हा आकडा वाचून मी बाजूच्या खोलीत जाऊन मुलगी झोपली आहे ना हे पाहून आले. वेडेपणाच, पण गेले.

हे सर्व मी तिला वाचून दाखविले. ती म्हणाली, "म्हणजे नाहीच म्हणतेस." मी म्हटले, नाही म्हणत नाही. पैसे तुझे, डोके तुझे. माझ्या तीन अटी. बाटलीवरचे नाव आधी वाचायचे, खिडकी उघडी ठेवायची, आणि मानेजवळची एक बट कापून तिच्यावर आधी प्रयोग करायचा. ती तणतणत का होईना, कबूल झाली.

आम्ही उरणातच एका पार्लरमध्ये गेलो. त्या बाई आज येथे बसल्या आहेत आणि नाव घेऊ नका असे त्यांनी बजावले आहे. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "केसांना काय काय लावले आहे?" मुलगी म्हणाली, काही नाही, मेंदी. कोणती मेंदी? तर काळी. भगिनींनो, पाल्याच्या मेंदीने केस काळे होत नाहीत, तांबूस होतात. काळी मेंदी म्हणून पुड्या मिळतात त्यांत रंगाचे रसायन मिसळलेले असते, कित्येकदा धातूंचे क्षारही असतात. त्यावर हे दुसरे औषध पडले तर काय होईल याचा नेम नाही. बाईंनी बट घेतली, औषध लावले, वेळ मोजली, धुतली, आणि दोन बोटांत धरून ताणली. ती रबरासारखी लांबत गेली आणि तुटली. त्यांनी ते तुकडे मुलीच्या तळहातावर ठेवले आणि मला म्हणाल्या, "बाई, मी हे करणार नाही. दुसरीकडे करून देतील." सात हजारांचे गिऱ्हाईक परत पाठविणे त्यांना परवडणारे नव्हते, हे मला माहीत आहे.

घरी येताना मुलगी एक शब्द बोलली नाही. पुढे आठ दिवस बोलली नाही. तिला वाटत होते की मी आणि त्या बाईंनी मिळून हे ठरविले होते.

मग तिने स्वतःच काही गोष्टी सुरू केल्या. कोरडे केस विंचरणे बंद केले, ओले असतानाच रुंद दातांच्या फणीने सोडवायचे. टॉवेलने खसाखसा पुसण्याऐवजी जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवायचे. न्हाण्याआधी खोबरेल. खोबरेलाने केसांतील प्रथिनाची झीज कमी होते हे मुंबईतील दोघा संशोधकांनी २००३ साली प्रयोगाने दाखविले आहे, म्हणजे सासूबाई त्यांच्याही पुढे होत्या. आणि जवस उकळून त्याचा बुळबुळीत काढा गाळून ओल्या केसांना लावायचा. पहिल्या वेळी तिने गाळायला उशीर केला आणि माझ्या चांगल्या गाळणीची वाट लागली. पण केस आता काथ्या दिसत नाहीत, बटा दिसतात. पावसाळ्यात अजून फुलतात. त्याला काही उपाय नाही, उरण सोडून जाण्याखेरीज.

मधे एका रविवारी आम्ही दोघी मोऱ्याहून होडीने घारापुरीला गेलो. आपल्या तालुक्यातील बेट, आणि मी कित्येक वर्षांत गेले नव्हते. त्या सुमारे वीस फूट उंच त्रिमूर्तीसमोर आपण उभे राहिलो की आपल्या उजव्या हाताला जे सौम्य, स्त्रीसारखे मुख आहे ते नीट पाहा. मुकुटाच्या कडेखालून कुरळ्या बटा उतरल्या आहेत, एकेक वळण कोरून काढलेले. सहाव्या शतकातला तो कारागीर. सरळ केस कोरणे त्याला किती सोपे गेले असते! मुलगी बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "हिला मावशीबाई नव्हत्या वाटते."

ते स्थळ पुढे गेले नाही. केसांमुळे की पत्रिकेमुळे, ते आम्हाला कोणी सांगितले नाही, आम्ही विचारले नाही. तसे म्हटले तर माझ्या मनाला अजून टोचते की मी सात हजार आणि थोडा धोका पत्करला असता तर काय झाले असते. मुलगी म्हणते, "काळ्या मेंदीचे केस वर्षा-दोन वर्षांत कापून जातील. मग मला वाटले तर मी करीन, थोडेसे सैल." मी म्हटले, कर. मात्र बट आधी.

जवसाच्या काढ्याचे प्रमाण पुष्कळ जणींनी आधीच विचारले आहे, म्हणून सांगते. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मंद आचेवर ढवळत राहायचे, आणि अंड्याच्या बलकासारखे झाले की गरम असतानाच जुन्या सुती कापडातून गाळायचे. गाळणीतून नव्हे. चिटणीसबाई घड्याळ दाखवीत आहेत, तेव्हा मी आपली रजा घेते. चहा तयार आहे.