आधी पाणी, मग उपदेश
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)





मी गिरणीत साचेखात्यात राबलेला माणूस. शाळा लवकर सुटली. पुढचं शिक्षण या विहारात झालं. चार पुस्तकं वाचली आणि दुसऱ्याला शहाणपण सांगायची खोडच लागली.

आमच्या चाळीत एक बदली कामगार होता. तो प्यायला लागला, विहारात यायचा बंद झाला. मी त्याला भर गॅलरीत गाठून पाचवं शील समजावलं. बायकापोरांचा विचार कर म्हटलं. तो मान खाली घालून ऐकायचा. पुढं पुढं मला बघितलं की दुसऱ्या जिन्यानं जायचा.

एके सकाळी रातपाळीहून येताना तो बागेत बाकावर दिसला. शेजारी जेवणाचा डबा. मी दमलेलो होतो, म्हणून न बोलता नुसता जवळ बसलो. बऱ्याच वेळानं तोच बोलला. दोन महिने बदली मिळत नव्हती. घरी सांगायची लाज. म्हणून रोज डबा घेऊन निघायचा आणि संध्याकाळपर्यंत तिथं बसायचा. बंधूंनो, मी त्याला शील सांगत होतो, पण "तुला काय झालंय?" हे एकदाही विचारलं नव्हतं!

बाबासाहेबांचा धम्मग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात एका आजारी भिक्खूची गोष्ट आहे. हगवणीनं तो आपल्याच घाणीत पडला होता. तथागतांनी आधी विचारलं, काय होतंय, बघणारं कोणी आहे का? मग आनंदाकडून पाणी आणवलं, दोघांनी त्याला धुतलं, उचलून अंथरुणावर ठेवलं. उपदेश केला तो त्यानंतर. आणि तोही आजाऱ्याला नाही, त्याच्याकडे न बघणाऱ्या भिक्खूंना!

त्या मित्राची दारू एका दिवसात सुटली नाही. पण त्याच रात्री त्यानं बायकोला खरं सांगितलं. मी सोबत होतो, गप्प होतो.

म्हणून विनंती एवढीच. कुणाच्या पोराची नोकरी गेली, कुणाच्या घरात दुःख झालं, तर जाऊन बसा. जेवलास का, विचारा. ऐकलेलं नळावर नेऊ नका. दवाखान्यात जायचं असेल तर सोबत चला. सल्ला मागितला तर द्या, नाहीतर खिशात ठेवा.

जय भीम! नमो बुद्धाय!