उष्णता-पंप आणि घरखर्चाचा ताळेबंद

बेळगावच्या ज्या उद्यमबागेत फौंड्रीच्या भट्टीपासून लेथवरील शेवटच्या कातकामापर्यंत प्रत्येक जॉबचा खर्च पैशापैशाने मांडला जातो, तेथील गृहस्थाने आपल्या स्नानाच्या पाण्याचा हिशेबही तितक्याच दक्षतेने मांडावा, या हेतूने मी आज बोलणार आहे. तांब्याचा बंब गेला, विजेचा गिझर आला, स्लॅबवर सौरसंच बसला. आणि आता ‘हीट पंप’ घ्यावा काय, हा प्रश्न अनेक कुटुंबांपुढे आहे.

या यंत्राचे तत्त्व लॉर्ड केल्व्हिन यांनी 1852 सालीच मांडले होते. गिझर विजेचे रूपांतर उष्णतेत करतो. हे यंत्र मात्र, शीतकपाट आतील उष्णता बाहेर टाकते त्याच रीतीने, भोवतालच्या हवेतील उष्णता कॉम्प्रेसरच्या साहाय्याने पाण्यात आणून सोडते, आणि म्हणून एका युनिटात सुमारे तीन युनिटांचे काम करते. युरोपात त्याला गोठवणाऱ्या हवेशी झगडावे लागते. बेळगावची थंडी बोचरी असली तरी तेथील हवा या यंत्राला अनुकूलच आहे, आणि आषाढ-श्रावणात जेव्हा सूर्यदर्शन दुर्लभ होऊन सौरसंच निष्प्रभ ठरतो, तेव्हाही ते आपले कर्तव्य बजावीत राहते.

आता जमाखर्च पाहू. शंभर लिटर पाणी 20 अंशांवरून 50 अंशांवर नेण्यास गिझरला साडेतीन युनिटे लागतात. रोज 200 लिटर पाणी तापविणाऱ्या एकत्र कुटुंबाची महिन्याकाठी 210 युनिटे त्यातच खर्ची पडतात. उष्णता-पंपावर हाच आकडा 70 वर येतो. युनिटाचा दर 6 रुपये आणि गिझरपेक्षा वाढीव खर्च 60 हजार रुपये धरला, तर वर्षाला सुमारे दहा हजार वाचून सहा वर्षांत ही रक्कम वसूल होते. रोजची गरज शंभर लिटरच असेल, तर त्याच रकमेच्या वसुलीस बारा वर्षे लागतात, आणि तोवर यंत्रच जीर्ण होते.

यात ‘गृहज्योती’ योजनेचाही विचार केला पाहिजे. कर्नाटक सरकारने 2023 पासून मागील सरासरीपेक्षा दहा टक्के अधिक, परंतु कमाल 200 युनिटांपर्यंत, घरगुती वीज माफ केली आहे. ज्याचे बिलच शून्य आहे, त्याला हे यंत्र एक पैसाही वाचवून देणार नाही. परंतु गिझरमुळे 200 ची मर्यादा ओलांडून ज्याला संपूर्ण बिल भरावे लागते, त्याच्या बाबतीत ते ही सवलत परत मिळवून देऊ शकते.

म्हणून माझा निर्णय असा : मोठे कुटुंब, वसतिगृह, लॉज अथवा रुग्णालय यांनी हा खर्च निःशंकपणे करावा, लहान कुटुंबाच्या स्लॅबवर ऊन पडत असेल तर सौरसंच आणि पावसाळ्यापुरता गिझर पुरेसा आहे. विक्रेत्याकडे चौकशी करण्यापूर्वी बारा महिन्यांची वीजबिले समोर ठेवा, रोजच्या बादल्या मोजा, आणि मगच रक्कम मंजूर करा.