इंग्लंडच्या खेड्यातील पब आणि पगाराचा दिवस



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत माझा विषय वाचून एका स्नेह्याने मला रस्त्यात गाठले आणि विचारले, "काय हो, जन्मात थेंब घेतला नाही, आणि दारूच्या दुकानांवर तासभर बोलणार?" प्रश्न रास्त होता. मी सातवीनंतर शाळा सुटलेला माणूस. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, कायद्याच्या पुस्तकांत आणि रद्दीत आलेल्या वर्तमानपत्रांत. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नका. माझी धाकटी बहीण आणि मेहुणे इंग्लंडात कॉव्हेंट्री शहरी राहतात. जून २०१९ मध्ये मी आणि आई त्यांच्याकडे गेलो असताना एका रविवारी आम्ही सारे मोटारीने वॉरिकशायर परगण्यात हिंडलो आणि तीन खेड्यांतले तीन पब पाहिले. तो दिवस मी सांगणार आहे. आई बरोबर नसती तर सांगण्याजोगे फारसे काही नव्हते.

आईविषयी आधी दोन शब्द. आमचे मूळ गाव सातारा जिल्ह्यात. वडील मुंबईला परळच्या बाजूस एका गिरणीत विणखात्यात होते. पगाराच्या दिवशी आई आम्हा भावंडांना घेऊन गिरणीच्या फाटकाशी उभी राहायची. फाटकापासून गुत्ता दीडशे पावलांवर. त्या दीडशे पावलांच्या आत वडिलांना गाठायचे, एवढेच तिचे त्या दिवशीचे काम. कधी ती गाठायची, कधी ते दुसऱ्या फाटकाने निघून जायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. मग पगाराचा दिवसच उरला नाही. गुत्ता मात्र उरला, आणि तिथले खातेही उरले. वडिलांवर मी आज राग धरीत नाही. पण आईने त्या दिवसांपासून दारूच्या दाराकडे मान वळवून पाहिलेले नाही.

तेव्हा लोसनफर्ड नावाच्या खेड्यात कालव्याकाठी 'फ्लर द लिस' नावाच्या पबपुढे मोटार थांबली आणि पाटीवरून आईने काय ते ओळखले, तेव्हा ती म्हणाली, "मी हितंच बसते. तुमी या जाऊन."

तिला अक्षर वाचता येत नाही, तरी तिने ओळखले, यात नवल नाही. इंग्लंडात पबची पाटी ही मुळात न वाचणाऱ्यांसाठीच असते. हरिण, घंटा, नांगर, फूल असे चित्र लटकवायचे. गिऱ्हाइकाने चित्रावरून घर ओळखायचे. पब म्हणजे 'पब्लिक हाऊस', चार लोकांचे घर. बहिणीने हे सगळे समजावले. आई ढिम्म हलली नाही. शेवटी माझा अकरा वर्षांचा भाचा म्हणाला, "आजी, मागे बाग आहे, पाण्यात बदकं आहेत. मी रोज थोडाच दारू पितो? मी तर बदकांना पाव घालायला येतो." आई उतरली ती नातवाचे बोट धरून, आणि आत न शिरता कडेने बागेत गेली.

बागेत लाकडी बाके होती. एका बाकावर तीन पिढ्या बसून जेवत होत्या, बाकाखाली कुत्रा निवांत पसरला होता. पलीकडे ऐंशीच्या घरातल्या दोन बाया अर्धा अर्धा ग्लास पुढ्यात घेऊन तासभर बोलत होत्या. रविवारचे जेवण म्हणजे भाजलेले गोमांस, बटाटे, यॉर्कशायर पुडिंग नावाची फुगलेली खारी वाटी आणि वर दाट रस्सा. आमच्या माळकरी आईला त्यातले काही चालण्यासारखे नव्हते. तिने तळलेल्या बटाट्याच्या फोडी आणि लिंबूसरबत यांवर भागवले. वाढपी येत नाही. आपण काउंटरपाशी जायचे, बाकाचा नंबर सांगायचा, पैसे आधी मोजायचे. तिथे रांग दिसत नाही, पण कोण आधी आला हे काउंटरमागच्या माणसाला बिनचूक ठाऊक असते. मेहुण्यांना मोटार हाकायची होती म्हणून त्यांनी सोडा घेतला. आईने ते बारकाईने पाहिले. "जावईबापू घेत न्हाईत व्हय?" असे तिने मला हळूच विचारले.

हे चित्र फार जुने आहे असे मात्र समजू नका. १९०८ च्या कायद्याने चौदा वर्षांखालच्या मुलांना पबच्या बारमध्ये मज्जाव केला होता. बाप आत आणि पोर पायरीवर, हे दृश्य इंग्लंडातल्या कित्येक म्हाताऱ्यांनी लहानपणी स्वतः भोगलेले आहे. आजचा कायदा २००३ चा. त्याने मुलांना मोठ्यांच्या सोबतीने येऊ दिले. १ जुलै २००७ पासून आत विडी-सिगरेटही बंद झाली. मग पब जेवणावर जगू लागला. तरी सगळे जगले नाहीत. २००० साली ब्रिटनमध्ये साठ हजारांवर पब होते, ते पाव शतकात पंचेचाळीस हजारांच्या आसपास आले. काही खेड्यांत गावकऱ्यांनी वर्गणी काढून आपला पब विकत घेतला आहे. वाण्याचे दुकान गेले, टपाल गेले, आता बसायची एवढी एकच जागा उरली, असा त्यांचा हिशेब.

पब चालवणारा माणूस बहुधा त्या घराचा मालक नसतो. मालकी कंपनीची, हा भाडेकरू, आणि बियर कंपनी सांगेल तिच्याकडून, ती सांगेल त्या भावाने घ्यायची. अशा पबला तिकडे 'बांधलेले घर' म्हणतात. २०१६ पासून मोठ्या कंपन्यांच्या भाडेकरूंना ही गाठ सोडून नुसते बाजारभावाचे भाडे भरण्याची मागणी करता येते, आणि ऑक्टोबर २०२४ पासून नोकरांची बक्षिशी मालकाला गिळता येत नाही. युनियनच्या माणसाला कुठेही नेले तरी तो कपबशीखालचा करार आधी पाहतो, त्याला इलाज नाही.

तिथून आम्ही बारफर्डला गेलो. ते जोसेफ आर्चचे गाव. १८२६ साली जन्मलेला हा शेतमजुराचा मुलगा. तीन वर्षेसुद्धा शाळा नाही; नवव्या वर्षी शेतात पाखरे राखायला लागला, बारा तासांचे चार पेन्स. पुढे कुंपणे छाटण्यात असा तरबेज झाला की दूरदूरची बोलावणी येत. प्रिमिटिव्ह मेथडिस्ट पंथाचा तो गावोगाव फिरणारा प्रवचनकार. आपल्याकडचा कीर्तनकार म्हणा. आणि या प्रवचनकाराच्या नावाने त्याच्या गावात चक्क पब! आईला हे सांगितले तेव्हा ती त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

आर्चला मालकाची भीती का नव्हती, याचे कारण मला त्याच्या घरापुढे उमगले. ते छोटेसे घर त्याच्या आजोबांनी विकत घेऊन ठेवलेले होते. बाकीचे मजूर शेतमालकाच्या घरात राहत. काम गेले की छप्पर गेले. भाड्याच्या खोलीत राहून संप केलेल्या माणसांना यावर भाष्य नको.

उन्हे कलताना आम्ही वेल्सबर्नला पोहोचलो. इथे ७ फेब्रुवारी १८७२ च्या पावसाळी संध्याकाळी 'स्टॅग्ज हेड' या पबात मजुरांची सभा ठरली होती. तीस-चाळीस माणसे येतील असा आर्चचा अंदाज. आली ती त्याच्या सांगण्याप्रमाणे दोन हजारांच्या घरात. पबची खोली पुरेना, म्हणून सभा बाहेर चेस्टनटच्या झाडाखाली भरली. शेंगांच्या वेलाच्या काठ्यांना कंदील टांगले आणि डुक्कर कापायच्या घोडीवर उभा राहून आर्च बोलला. आठवड्याला बारा शिलिंगांच्या आसपास मजुरी होती, सोळा मागायचे ठरले. मे महिन्यात शेतमजुरांची देशव्यापी युनियन उभी राहिली, दोन वर्षांत तिचे ऐंशी हजारांवर सभासद झाले. १८८४ मध्ये खेड्यातल्या मजुराला मत मिळाले आणि १८८५ मध्ये आर्च पार्लमेंटात बसला. ते जुने झाड आता नाही. त्याच्या जागी लावलेले आहे.

मी हे सारे भाच्याला रंगवून सांगत होतो. आईने मधेच विचारले, "मंग त्यांचा पगार कुटं वाटायचे?"

सभेत चाळीस वर्षे घालवूनही इतका नेमका प्रश्न मला सुचला नव्हता. कारण उत्तर असे आहे की, इंग्लंडात कित्येक ठिकाणी पगार पबमध्येच वाटला जाई. मुकादम म्हणे, सुटे नाणे पबवाल्याकडे मिळते. मजूर वाट पाहत बसे, बसला की पीत असे, आणि पाटीवर मांडलेली उधारी तिथल्या तिथे कापली जाई. पश्चिमेकडच्या परगण्यांत तर शेतमजुरीचा काही भाग सायडर म्हणजे सफरचंदाची दारू म्हणूनच दिला जाई. खाणमजुरांपुरती ही चाल १८४२ च्या कायद्याने बंद केली. इतर कामगारांसाठी कायदा यायला १८८३ उजाडले. मी तो वाचला आहे. पबमध्ये पगार वाटू नये, एवढे सांगून तो थांबत नाही; पबला लागून असलेली कचेरी, बाग, कोणतीही जागा, असे शब्द त्यात घातले आहेत. 'बाग' हा शब्द घालणाऱ्याने पळवाटा जवळून पाहिल्या असल्या पाहिजेत. १८८७ मध्ये मजुरीपोटी दारू देणेही बंद झाले. हे दोन्ही कायदे १९८६ मध्ये रद्द झाले. तोवर बहुतेकांचा पगार बँकेत जमा होऊ लागला होता.

आईने सगळे ऐकून घेतले. "म्हंजे सरकारला कळलं हुतं," ती म्हणाली. मग ती झाडापाशी गेली आणि तिथून पबच्या दारापर्यंत सावकाश चालत आली. तिचे ओठ हलत होते. ती पावले मोजत होती. आकडा तिने आम्हाला सांगितला नाही. दाराशी थांबून म्हणाली, "आत च्या मिळतो का बघा."

चहा मिळाला. आत छत बुटके होते, तुळया काळ्या पडलेल्या. आई भिंतीला पाठ टेकून, दाराकडे तोंड करून बसली. मेहुणे उठू लागले तेव्हा तिने त्यांना खाली बसवले, बहिणीने दिलेली दहा पौंडांची नोट कनवटीतून काढली आणि नातवाला घेऊन स्वतः काउंटरपाशी गेली. परत आलेली मोड तिने तिथेच उभी राहून नाणे नाणे करून मोजून घेतली. काउंटरमागची मुलगी थांबली होती, मागे दोन माणसे थांबली होती. कोणी घाई केली नाही.

अध्यक्षांचा हात घंटेकडे गेलेला मला दिसतो आहे.