सूट एकाला, बिल दुसऱ्याला
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कपाशी-ज्वारीवाल्यांच्या बैठकीत जर्मनीच्या विजेचं काय काम, असं म्हणाल. पण तिथल्या बिलातली गोष्ट आपल्या ओळखीची आहे.

२००० साली तिथं कायदा झाला. सूर्य, वारा, शेणाचा किंवा मक्याचा गॅस यांपासून जो वीज करील त्याला २० वर्षं ठरलेला भाव. वीस वर्षं! इथं कापसाचा भाव दिवाळी ते संक्रांत टिकत नाही. तिथल्या पुष्कळ शेतकऱ्यांनी गोठ्यांवर सौर पॅनल चढवले. हा भाव आणि बाजारभाव यांतला फरक ग्राहकांच्या बिलावर अधिभार म्हणून बसला. २०१४ साली युनिटमागे ६.२४ सेंट. वर्षाला ३५०० युनिट जाळणाऱ्या घराला २१८ युरो.

मोठे कारखानदार म्हणाले, आम्हाला परवडत नाही. ते खोटं नव्हतं. टनभर ॲल्युमिनियम काढायला सुमारे १४ हजार युनिट लागतात. पूर्ण अधिभार लावला तर टनामागे ८७० युरो. त्या वर्षी जगाच्या बाजारात टनाचा सरासरी भावच दोन हजार डॉलरच्या आत होता, आणि तो ठरतो लंडनच्या बाजारात. खर्च वाढला म्हणून भाव वाढवून मागायची सोय नाही, आपल्या कापसासारखीच गत. भट्टी तिथं विझून दुसऱ्या देशात कोळशावर पेटली तर धूर तेवढाच. म्हणून सर्वांत जास्त वीज खाणाऱ्यांना युनिटमागे फक्त ०.०५ सेंट लावले.

इथवर ठीक. पण आधी अट वर्षाला एक कोटी युनिटची होती, ती २०१२ पासून दहा लाखांवर आणली. २०१४ पर्यंत सवलतवाल्या कंपन्या दोन हजारांवर गेल्या. त्यांचा बोजा घरं, बेकरीवाले, छोटे दुकानदार यांच्या अधिभारात गेला. युरोपीय आयोगानं २०१३ मध्ये चौकशी लावली. त्याचा निर्णय युरोपच्या न्यायालयानं २०१९ साली रद्द केला, कारण काय, तर हा पैसा सरकारचा नव्हेच! म्हणजे ग्राहकाचा. जुलै २०२२ पासून अधिभार शून्य झाला, खर्च सरकारी तिजोरीवर गेला.

आपल्याकडे शेतीपंपाचा दर कमी ठेवण्यासाठी कारखान्यांना जास्त दर लागतो, म्हणून तेही सवलत मागतात. (ज्याला विहीरच नाही त्या कोरडवाहूवाल्याला पंपाच्या दराचा काय उपयोग, ते पुढच्या बैठकीत.) वीज नियामक आयोगाची सुनावणी लागली की हरकत लेखी द्या. सूट मागणाऱ्याला दोनच आकडे विचारा: तुमच्या मालाच्या किमतीत वीज किती, आणि तुमचा वाटा कोणाच्या बिलावर जाणार? अर्जाचा नमुना बैठकीनंतर टेबलावर मिळेल.